तुम्ही घेतलेली हरकत

बाई,

गेल्या रविवारी चर्चमधल्या मिस्सेच्या शेवटी मी एका मुलाचं नाव वाचलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा हा मुलगा. त्याचे आईवडील अजून मजुरीला जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात गुरुदीक्षा होऊन तो फादर होणार आहे. लग्नाआधी चर्चमध्ये नाव वाचतात तसंच दीक्षेच्या आधीही वाचायचं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. या मुलाच्या दीक्षेला हरकत घेण्यासारखं काही कोणाला माहीत असेल तर त्याने ते सांगावं, असं मी वाचलं आणि कागद खाली ठेवला. एरवी लगेच आशीर्वाद देऊन लोकांना मोकळं करायचं असतं. मी थांबलो. बायकांच्या बाजूच्या शेवटच्या बाकाकडे बघत राहिलो. तिथे एक आजी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिला वाटलं पोराच्या किरकिरीमुळे फादर थांबलेत, म्हणून ती त्याला घेऊन बाहेर गेली. कोणी काही बोललं नाही. कोणी बोलत नसतंच. इतक्या वर्षांत अशी बरीच नावं मी वाचली आणि ऐकली, पण त्या प्रश्नाला उत्तर दिलेलं मी एकदाच ऐकलं आहे.

धुळ्याला मी आलो तेव्हा माझं सेमिनरीचं शिक्षण जवळजवळ संपलं होतं. ज्या लोकांत जन्म काढायचा आहे त्यांच्यात दीक्षेआधी दोन वर्षं राहून बघ, म्हणून पाठवलं होतं. दीक्षा होईपर्यंत आम्हाला ‘ब्रदर’ म्हणतात. केरळातून सोळाव्या वर्षी निघालेला मुलगा, सगळं शिक्षण इंग्रजीत, आणि मराठी म्हणजे ‘नमस्कार’, ‘पाणी’ आणि ‘किती झाले’ एवढंच. मोठे फादर म्हणाले, लोकांची भाषा आली नाही तर तू इथे निरुपयोगी आहेस, आणि त्यांनी तुमच्या घराची खूण सांगितली. धुळ्यात गल्ल्यांना नंबर असतात, त्यामुळे घर सापडलं, पण दारात उभा राहून काय बोलायचं ते सापडेना. तुम्ही नगरपालिकेच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झाला होता. मी माझं व्याकरणाचं पुस्तक पुढे केलं. तुम्ही ते घेऊन फडताळावर ठेवलं, मला मागच्या दारी नेलं आणि कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करून त्यावर वांगी ठेवली. जे करशील ते बोलायचं, म्हणालात. मी वांगं फिरवतो. वांगं काळं झालं. वांगं फुटलं. असं माझं मराठी सुरू झालं. आमच्या तोंडात ‘भ’ बसत नाही. तुम्ही म्हणायच्या, “भरीत म्हण.” मी म्हणायचो, “बरीत.” “पोटातून काढ. भ. भरीत.” “बरीत.” “बरं, खा मग तुझं बरीत,” असं म्हणून तुम्ही ताट वाढायच्या. ते वाढताना तुमचा चेहरा इतका गंभीर असायचा की ही थट्टा आहे हे कळायला मला काही महिने लागले.

तुम्हाला माझी एक गोष्ट सुरुवातीपासून खटकत होती. मी कशालाही ‘हो’ म्हणायचो. जेवून आलास का, हो. मग भूक नसेल, हो. थोडं खातोस का, हो. तुम्ही पळी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहायच्या. “अरे ब्रदर, यातलं एक तरी खोटं असेल ना?” मी हसायचो. भाषा येत नाही म्हणून मी असं करतो, असं तुम्हाला वाटत होतं. भाषा आली तरी ते गेलं नाही, तेव्हा तुम्ही विचारणं थांबवलंत आणि नुसतं वाढायला लागलात.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात तुम्ही मला पारोळ्याकडच्या तुमच्या माहेरच्या गावी नेलंत. तुमच्या मोठ्या भावाच्या, म्हणजे नानांच्या, नातवाचा नवस फेडायचा होता. शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला दगड, त्याच्यासमोर गळ्यात झेंडूची माळ घातलेला बोकड, आणि भोवती तुमची सगळी भावकी. नानांनी तांब्यातलं पाणी बोकडाच्या पाठीवर ओतलं आणि सगळे गप्प झाले. मला वाटलं प्रार्थना चालू आहे. तुम्ही माझ्या कानाशी सांगितलंत की बोकडाने अंग झटकायला पाहिजे. त्याने अंग झटकलं की देवाने घेतला आणि त्यानेही मान्य केलं. तोवर कोणी त्याला हात लावणार नाही. बोकड नुसता उभा होता. नानांनी पुन्हा पाणी ओतलं. बोकडाने माळेतलं एक फूल खाल्लं. बायका हात जोडून पुटपुटायला लागल्या, ज्याच्यासाठी नवस होता ते पोर रडायला लागलं, त्याच्या आईचा चेहरा उतरला. मी नानांना विचारलं, नाहीच झटकलं तर? नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले, “नही झटकं ते घर ली जासूत त्याले. जबरदस्ती नही करता येस.” मग कोणीतरी तांब्या घेऊन पाणी थेट त्याच्या कानावर ओतलं, आणि त्याने डोक्यापासून शेपटापर्यंत अंग झाडलं. एकच गलका झाला. तुम्ही मात्र तोंड वाकडं करून म्हणालात, “कानात पाणी गेल्यावर कोण झटकणार नाही?”

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीजवळ बसला होता. पारोळ्याच्या किल्ल्याची भिंत मागे गेली तेव्हा मी तुम्हाला सांगितलं की मीही नवसाचा आहे. हे मी आधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण आमच्याकडे ते सांगावं लागत नाही, सगळ्यांना माहीत असतं. मी चार वर्षांचा असताना मला मोठा ताप आला होता. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा आईने गावच्या चर्चमध्ये गुडघे टेकून शब्द दिला की हा वाचला तर तुझा, याला मी फादर करीन. मी वाचलो. त्या दिवसापासून गाव मला ‘कुट्टी अच्चन’ म्हणायला लागलं, म्हणजे छोटे फादर. भावांना मार बसायचा, मला नाही. भाऊ माडावर चढायचे, नदीत उड्या मारायचे, मला काठावर बसवायचे. देवाची वस्तू, पडली तर काय सांगणार. घरात एकच अंडं असलं तर ते माझ्या ताटात. हे सगळं मी तुम्हाला गंमत म्हणून सांगत होतो. तुम्ही हसला नाहीत. धुळ्याला उतरताना फक्त विचारलंत, “आणि तुला?” मी म्हटलं, “मला काय?” तुम्ही म्हणालात, “काही नाही. सावकाश उतर.”

त्यानंतर काही आठवड्यांनी मोठ्या फादरांनी मला त्या सूचनेचं मराठी करायला सांगितलं, माझ्याच नावाची सूचना. मी केलं आणि नेहमीप्रमाणे तुमच्याकडे तपासायला आणलं. तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचलंत. “कोणाला काही माहीत असेल तर. हे कोणाला म्हणजे?” मी म्हटलं, कोणालाही. “तुमच्या लोकांपैकी?” नाही, कोणीही सांगू शकतो. “आणि सांगितलं नाही तर?” मी म्हटलं, माहीत असून सांगितलं नाही तर ते बरोबर नाही. तुम्ही कागद परत दिलात. मला वाटलं, तुम्हाला आमच्या पद्धतीबद्दल कुतूहल आहे. मला त्याचा आनंदही झाला.

तो रविवार मला आजही समोर दिसतो. त्या काळात रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका लागली की धुळ्याचे रस्ते ओस पडायचे, आमचेही निम्मे बाक रिकामे असायचे. तुम्ही ती मालिका कधी चुकवली नव्हती. म्हणून मागच्या बाकावर तुमचं हिरवं लुगडं दिसलं तेव्हा मला भरून आलं. आपल्या विद्यार्थ्याचं नाव ऐकायला बाई आल्या. फादर सूचना वाचतात. माझं नाव, माझं गाव, आईवडिलांची नावं. हरकत असल्यास सांगावी. ते आशीर्वादासाठी हात उचलतात आणि मागून वर्गात हजेरी घेतानाचा तुमचा आवाज येतो.

“माझी हरकत आहे.”

सगळे वळले. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका पुढच्या बाकावर होते. ते शेजाऱ्याला मोठ्याने म्हणाले, “ब्रदरचं कुठे जमलंय की काय?” कोणीतरी खुदकन हसलं. काही बायका दवाखान्यातल्या एका नर्सकडे बघायला लागल्या. ती बिचारी लाल झाली, तिचा माझा कधी शब्दाचाही संबंध नव्हता. फादर सावरून म्हणाले, “बाई, आपण नंतर ऑफिसात बोलू.”

“नंतर कशाला? सगळ्यांसमोर विचारलंत, सगळ्यांसमोर सांगते. या मुलाला कोणी विचारलेलं नाही.”

“आम्ही त्याला पुष्कळदा विचारलं आहे, बाई. दरवर्षी विचारतो.”

“मग तो हो म्हणाला असेल.”

“अर्थात.”

“तो सगळ्याला हो म्हणतो. दोन वर्षं माझ्या घरी जेवतोय. जेवलास का, हो, भूक आहे का, हो. त्याच्या हो ला काय धरून चालता?” फादर काही बोलणार तेवढ्यात तुमचं शाळेतलं मराठी सुटलं आणि नानांसारखी अहिराणी आली. तुम्हाला राग आला की ते सुटायचं. “त्याच्या मायनी नवस कया आनि त्याले आठे धाडी दिना. आरे, आमी बोकडलेबी पानी टाकीसन इचारतस! याले कोनी इचारं?”

आता कोणी हसलं नाही. तुम्ही खाली बसला नाहीत. पदर सावरलात, चपला घातल्यात आणि निघून गेलात. मी त्या दिवशी जेवलो नाही. माझी आई, माझा ताप, आमच्या घरातली गोष्ट, ती तुम्ही चारचौघांत बोकडाशेजारी नेऊन बांधली होती. मला तुमचा इतका राग आला की मी तुमच्या गल्लीवरून जाणं बंद केलं. बाजारातून तुमच्यासाठी आणलेली मेथीची जुडी माझ्या खोलीत सुकून गेली, पण मी ती द्यायला आलो नाही.

फादरांना ते वर कळवणं भाग होतं. बिशपसाहेबांनी मला बोलावलं. मोठं टेबल, पंखा, भिंतीवर क्रूस. त्यांनी विचारलं, “त्या बाई खोटं बोलल्या का?” मी म्हटलं, “हो.” ते म्हणाले, “हा हो कुठला आहे?” ते रागावले नाहीत. एक वर्ष बाहेर राहा, म्हणाले, पगाराचं काम कर, खोली घे, तुला वाटलं तर चर्चला जा, नाही वाटलं तर जाऊ नको, तिथे तुझ्यावर कोणी लक्ष ठेवणार नाही. वर्षाने यावंसं वाटलं तर ये. मी बोलावणार नाही.

आईला ट्रंक कॉल लावून सांगावं लागलं. आमच्या गावच्या चर्चच्या ऑफिसात फोन होता, तिथे तिला बोलावून आणलं. दीक्षा वर्षभर पुढे गेली, एवढंच मी म्हणालो. लाइनवर खरखर होती. मग तिने विचारलं, “तुला ताप आहे का?”

जळगावात एका डाळमिलमध्ये मी काट्यावर उभा राहायचो. पोती येताना आणि जाताना वजन करायचं. सगळीकडे तुरीच्या फोलपटाची धूळ, नाकात, केसांत, चहात. तिथे मी ब्रदर नव्हतो, दक्षिणेकडचा म्हणून ‘अण्णा’ झालो. शेठ भला माणूस होता. “अण्णा, पाद्री होऊन काय करशील? इथेच राहा, तुझ्यासाठी मुलगी बघतो,” असं तो रोज म्हणायचा. माझ्या मोठ्या भावाने आखातातून निरोप धाडला की व्हिसाचं होईल, लवकर सांग. पहिले काही रविवार मी चर्चला गेलोच नाही. उशिरा उठायचो, मेहरूणच्या तलावावर जाऊन बसायचो. देवाच्या वस्तूला पहिल्यांदाच कोणी राखण नव्हतं. खरं सांगतो, मला ते आवडलं. एकदा शेठने रविवारी कामावर यायला सांगितलं आणि माझ्या तोंडून ‘नाही’ निघालं. शेठ म्हणाला, “बरं, मग सोमवारी ये.” इतकंच झालं. मी त्या दिवशी दोनदा जेवलो.

मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मला कोणताही आवाज ऐकू आला नाही, स्वप्न पडलं नाही. दुपारी हमाल डबे उघडायचे, मशीन बंद व्हायचं, तेव्हा मी पोत्यांच्या थप्पीवर बसून सकाळची राहिलेली प्रार्थना म्हणायला लागलो. कोणी बघत नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. एक दिवस एक हमाल येऊन शेजारी बसला आणि म्हणाला, “अण्णा, मन्हा पोरगासाठी बी काही म्हन ना.” मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो परत आला. पण यावरून काही ठरवावं असं मला वाटत नव्हतं. उलट भीती वाटायची. हे माझं आहे की सवयीचं, हे कसं ओळखायचं? मनात तुमच्याशी भांडायचो. तुम्ही प्रश्न विचारून मोकळ्या झाला होता, आणि उत्तर काय म्हणून ओळखायचं ते सांगितलं नव्हतंत.

एप्रिलच्या शेवटी आई आली. आयुष्यात केरळाबाहेर न पडलेली बाई, गावच्या चर्चमधल्या एका सिस्टरच्या सोबतीने जळगाव स्टेशनवर उतरली. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखे पांढरे कपडे, कानांत सोन्याची मोठी वळी, हातात केळीच्या काचऱ्यांचा डबा. माझ्या कपाळाला हात लावून बघितल्यावर तिने पहिलं वाक्य उच्चारलं, “मला त्या बाईकडे घेऊन चल.” एसटीत मी तिला बोकडाचं सगळं सांगितलं, कारण ते न सांगता तुमच्यासमोर तिला नेणं शक्य नव्हतं. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून बाहेर बघत तिने विचारलं, “त्यांचा देवही नवस घेतो?” मी हो म्हटलं.

जवळजवळ वर्षभराने तुमच्या दारात उभा होतो. तुम्ही मला बघितलंत, आईला बघितलंत आणि मागच्या दारी जाऊन तांब्या-पेला घेऊन आलात. उन्हाळ्यात दारात आलेल्याला आधी पाणी. आईने घेतलं नाही. तांब्या तसाच उंबऱ्याशी राहिला. तुम्ही दोघी समोरासमोर बसलात, मी मध्ये. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आई म्हणाली, या बाईने माझ्या मुलाचं आयुष्य बिघडवलं, तिचा काय संबंध. मी तुम्हाला सांगितलं, आई म्हणते तिला काळजी वाटते. तुम्ही म्हणालात, मला विचारलं म्हणून मी सांगितलं, नसतं विचारलं तर बोलले नसते, तुमच्या लोकांना उत्तर नको असेल तर प्रश्न कशाला विचारतात. मी आईला सांगितलं, त्या म्हणतात त्यांना वाईट वाटलं. आई लगेच म्हणाली, ती एवढं बोलली आणि तू एवढंच? त्याच वेळी तुम्ही म्हणालात, “ती इतकं बोलली, तू दोन शब्दांत उरकलंस. पोस्टातला कारकून झालास का? नीट सांग.” तुम्ही दोघी एकाच वेळी माझ्यावर ओरडत होता. मग मी नीट सांगायला लागलो. जे जसं आहे तसं, दोन्ही बाजूंनी.

तुम्ही विचारलंत, हा फादर झाला नाही तर काय होईल? मी आईला विचारलं. मग ती जे म्हणाली ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो, आणि ऐकता ऐकता मला ते मराठीत सांगायचं होतं. ती म्हणाली, त्या दिवसापासून आजपर्यंत मला रोज भीती वाटते. याला शिंक आली तरी वाटतं देवाला वाटलं असेल मी फसवते आहे. हा दुसरं काही झाला तर चार वर्षांच्या पोराला मीच मरू दिलं असं होईल. मला अभिमान नको आहे. मला भीती संपायला हवी आहे. तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होता. तुम्ही म्हणालात, “तिला सांग, मला हे माहीत नव्हतं.” मी सांगितलं. “आणि हेही सांग की तरी माझी हरकत आहे.” तेही सांगितलं. आईने तुमच्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, ही खरं बोलते.

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. उंबऱ्यातून ते आत सरकत आलं होतं. आईने विचारलं, “त्या प्राण्याने अंग झटकलं की प्रश्न संपतो ना? मग कोणी काही म्हणत नाही?” मी हो म्हटलं. ती उठली. मला वाटलं ती निघाली, म्हणून मीही उठलो. तिने उंबऱ्याशी वाकून तो तांब्या उचलला, माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि सगळं पाणी माझ्या मानेवर ओतलं.

पाणी पाठीवरून खाली चाललं आहे. तुम्ही माझ्याकडे बघताय. आई मागे आहे, तिचा श्वास मला ऐकू येतो आहे. गल्लीत कोणीतरी सायकलची घंटी वाजवतो. मला वाटतं, मी नुसता उभा राहू शकतो. तो बोकड उभा होता तसा. मला घरी घेऊन जावं लागेल. आणि मग माझं अंग झटकलं गेलं, खांद्यापासून कमरेपर्यंत, मी काही करायच्या आधीच.

आईने तांब्या खाली ठेवला आणि ती भिंतीला टेकून बसली. तुम्ही मात्र तुम्हीच होता. “हे धरायचं नाही,” म्हणालात, “माठातलं गार पाणी. गार पाणी टाकल्यावर कोणीही झटकेल.” आईने विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं. तिने घाबरून माझ्याकडे बघितलं, “गार होतं का?” तुम्हीही विचारलंत, “काय रे, गार होतं ना?” मी दोघींना दोन भाषांत हो म्हटलं. तुम्ही कपाळाला हात लावलात. “बघा. परत हो.” आई ते न कळताच हसली, मग तुम्ही हसलात. तुम्ही चहा ठेवलात. तिने केळीच्या काचऱ्यांचा डबा उघडला. तुम्ही एक तोंडात टाकून म्हणालात, “खोबरेल तेल?” आणि तरी अर्धा डबा संपवलात.

वर्ष संपल्यावर मी बिशपसाहेबांकडे गेलो. आईला सांगून गेलो नाही, तुम्हालाही नाही. त्यांनी काही विचारलं नाही, मीच बोललो. पुन्हा माझं नाव वाचलं गेलं आणि तुम्ही पुन्हा त्याच बाकावर येऊन बसलात. फादरांनी ‘हरकत असल्यास’ म्हटलं आणि सगळं चर्च तुमच्याकडे वळलं. तुम्ही उठलात. फादरांनी कागद खाली घेतला. तुम्ही शेजारच्या खिडकीचं दार ओढून घेतलंत, डोळ्यांवर ऊन येत होतं, आणि परत बसलात. दीक्षेला तुम्ही मला तोच तांब्या दिलात. भांड्यांच्या दुकानातून त्याच्यावर नाव घालून आणलं होतं, तुमचं नाही, माझं. मशीनने घातलेली वाकडी अक्षरं, माझ्या नावाआधी फादरही नाही आणि ब्रदरही नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी आत डोंगरातल्या पाड्यावर होतो, निरोप उशिरा पोचला. तेराव्याला नाना मला म्हणाले, “बाई इचारे तुन्हाबद्दल. म्हने, तो आते नही म्हनाले शिकना का?” नाही म्हणायला शिकलो की नाही, हे मी नानांना काय सांगितलं ते आठवत नाही. आई त्यानंतर बरीच वर्षं जगली आणि मला शिंक आली तरी तिने कधी कपाळाला हात लावून बघितलं नाही.

त्या तांब्याने मी लहान मुलांचे बाप्तिस्मे करतो. पाड्यावर हिवाळ्यात पाणी बर्फासारखं असतं, म्हणून बायकांना चुलीवर थोडं कोमट करून द्यायला सांगतो. तरी काही पोरं अंग झटकतात, काही नुसती डोळे उघडून बघतात. त्यावरून काही ठरत नाही, हे मला माहीत आहे. रविवारी त्या मुलाचं नाव पुन्हा वाचायचं आहे. शनिवारी मी त्याला जेवायला बोलावलं आहे, भरीत करणार आहे. अजून माझा ‘भ’ तुम्हाला चालला नसता. बाकी काय विचारायचं ते ठरलेलं नाही. तो हो म्हणाला तर मी लगेच ताट उचलणार नाही, एवढं ठरवलं आहे.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या दोन खोल्यांच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. त्या दिवशी दोघींनी विचारलंत आणि मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर ते झटकणं धरलं जाऊन तिथेच, तुम्हा दोघींच्या समोर सगळं ठरून गेलं असतं, आणि मला बिशपसाहेबांकडे एकट्याने जायचं होतं. तो तांब्या दुपारभर उंबऱ्यात उन्हात होता, बाई. पाणी गार नव्हतं.